शिंग किती वाकवायचं, हे कोण ठरवणार?

बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत मुलांनी माती, कापड, काड्या, रंग हाताळत, स्वतः वस्तू घडवत कला शिकावी असं म्हटलं की एक हरकत हमखास येते. ती घेणारी माणसं मुलांचं भलं चिंतणारीच असतात. ती विचारतात, या मुलांच्या हातांना कामाची वाण आहे का? दिवाळी उरकली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मागं सांभाळणारं कुणी नसेल तर पोरंही गाडीत चढतात. फडावर आठ-नऊ वर्षांचं मूल पाणी आणतं, वाढे गोळा करतं, मोळी बांधताना हात लावतं. मुलगी असेल तर कडेवर धाकटं भावंड असतंच. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे मूल गावी परततं तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. अशा मुलाला शाळेनं अक्षर द्यावं, पाढे द्यावेत, पुस्तक द्यावं. पुन्हा हातांचंच काम कशाला?

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यामागं मोठा अनुभव आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्चही जमेल तितका निघावा, अशी ती कल्पना होती. या दुसऱ्या भागानं तेव्हाही अनेकजण दचकले. शाळेचा खर्च मुलांनी सूत कातून भागवायचा, तर शाळेत आणि कारखान्यात फरक काय उरला? पुढं १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारनं प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. कुंभाराच्या मुलानं चाकावरच बसायचं आणि धोब्याच्या मुलानं घाटावरच राहायचं, असा तिचा अर्थ लोकांनी बरोबर ओळखला. विरोध पेटला आणि १९५४ मध्ये ती योजना मागं घ्यावी लागली. ज्या समाजांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त अंगमेहनत आली, त्यांनी शाळेतल्या हातकामाकडं संशयानं पाहावं हे रास्तच आहे. मात्र याच बाजूची आणखी एक गोष्ट आठवावी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुल्यांनी गावच्या शाळेत लिहिणं, वाचणं, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं होतं. हाताला कळणारं ज्ञान त्यांना हलकं वाटत नव्हतं.

म्हणून हात राबतात की नाही, एवढ्यावर मी थांबत नाही. काम चालू असताना ठरवतं कोण, हे मला पाहायचं आहे. ऊसतोड हे कसबाचं काम आहे. ऊस जमिनीलगत तोडायचा, पाचट सोलायचं, शेंडा छाटून वाढं वेगळं करायचं, मोळी अशी बांधायची की गाडीत चढवताना सुटू नये. हे अंगवळणी पडायला वर्षं जातात. पण आज कुठल्या फडात कोयता लागणार, गाडी रात्री कधी भरायची, अंग मोडून आलं म्हणून एक दिवस बसलं तर खाड्यापोटी किती कापले जाणार, यातलं काहीही तोडणाऱ्याच्या हातात नसतं. उचल घेतली त्या दिवशीच हंगामभराचे निर्णय मुकादमाकडं आणि कारखान्याकडं गेलेले असतात. मुलाच्या वाट्याला तर हुकुमाखालचा हुकूम येतो.

आता पोळ्याच्या आधी ओढ्याकाठी मातीचा बैल करायला बसलेलं मूल बघा. बैल उभा ठेवायचा की बसलेला? वशिंड केवढं? मान वर उचललेली की चरायला खाली घातलेली? शिंगं आपल्या दावणीच्या बैलासारखी आखूड ठेवायची की खिलारासारखी लांब, मागं गेलेली? लांब केली तर वाळताना तुटतील. मग जाड करायची की मधे काडी घालायची? या एका खेळण्यात मूल पाच-पंचवीस निर्णय घेतं, आणि प्रत्येक निर्णयाचा परिणाम त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. चुकलं तर कुणी काही कापून घेत नाही. माती पुन्हा मळता येते. आणि बैल झाला की नाही, हेही तेच ठरवतं. हात दोन्हीकडं चिखलातच असतात, पण एकीकडं ते दुसऱ्याच्या हिशेबात असतात आणि दुसरीकडं स्वतःच्या डोक्याशी जोडलेले. बीडच्या मुलाला कलेचा तास हवा तो या जोडणीसाठी. ज्याच्या घरात तीन-तीन पिढ्या दुसऱ्यानं ठरवलेलं काम करत आल्या, त्याला आठवड्यातून काही तास तरी स्वतः ठरवायला, ते तडीला न्यायला आणि त्याची जबाबदारी घ्यायला मिळावं. हे शिकण्याची इतकी स्वस्त आणि इतकी लवकर मिळणारी जागा मला दुसरी दिसत नाही.

पण मग शाळेत आज कला म्हणून जे चालतं, त्याकडंही याच नजरेनं पाहावं लागतं, आणि तिथं वाईट वाटतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत येणारी नदी, कडेला कौलारू घर आणि नारळाचं झाड. हे चित्र बालाघाटाच्या कुशीतल्या शाळेतही निघतं. बालाघाटाचे डोंगर असे टोकदार नाहीत. ते सपाट माथ्याचे, पायरी-पायरीनं उतरणारे आहेत, आणि शाळेच्या खिडकीतून दिसतात. नारळाचं झाड त्या मुलानं आपल्या शिवारात बहुधा पाहिलेलं नसतं. बाभूळ, लिंब, सीताफळ रोज पाहिलेलं असतं. तरी कागद समोर आला की हात फळ्यावरून पाठ केलेल्या खुणा गिरवू लागतो. रंगवायला छापील बाह्यरेषा दिल्या तर तेवढंही ठरवायचं उरत नाही. रेषेबाहेर गेलास की चूक, एवढाच धडा त्यातून मिळतो. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, सर्वांचं सारखं. पंधरा ऑगस्टला घोटीव कागदाच्या पताका, सर्वांच्या सारख्या. शिक्षकानं नमुना केला, मुलांनी तो उतरवला. यात हात चालतात हे खरं, पण निर्णय पुन्हा दुसऱ्याचाच. ज्या घरांतून मुलं येतात त्या घरांना ही शिस्त आधीच पुरेशी माहीत आहे.

‘बोलक्या भिंती’ हे याचंच मोठं रूप. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर मुळाक्षरं, पाढे, फळं, प्राणी, रेल्वेचे डबे, महापुरुषांची चित्रं झळकू लागली. शाळा देखणी झाली, गावाला अभिमान वाटला, पालकांनी वर्गणी दिली. या आस्थेबद्दल मला आदर आहे. तरी एवढं विचारावं वाटतं की त्या भिंतींवर मुलाच्या हातचं काय आहे? रंगारी बाहेरून आला, ऑइलपेंटनं चितारून गेला, आणि नंतर मुलांना सांगितलं गेलं की हात लावू नका, घाण होईल. निदान एक भिंत, मुलाच्या उंचीची, गेरूनं सारवलेली, दर पावसाळ्यानंतर पुसून नव्यानं रंगवता येईल अशी, मुलांकडं असायला काय हरकत आहे? घराच्या भिंतीवर चुन्यानं, गेरूनं चित्रं काढायची रीत आपल्याकडं होतीच. सिमेंटची घरं आली आणि ती आकसत गेली.

काय करावं हे बोलायचं तर बैलाशीच परत येऊ, कारण प्रकल्प म्हणजे काय ते तिथं नीट दिसतं. प्रकल्प हा शब्द ऐकला की थर्मोकोल, चकचकीत कागद आणि दुकानातून आणलेलं साहित्य डोळ्यांपुढं येतं, आणि त्यातलं निम्मं आईबापांनी केलेलं असतं. मी म्हणतो तो प्रकल्प एका साध्या अडचणीपासून सुरू होतो. बीडची काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते, पण पाणी सुकलं की इतकी आकसते की उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीचा बैल केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मान धडापासून सुटलेली दिसते. इथं शिक्षकानं लगेच उत्तर सांगू नये. मान का सुटली, हे मुलांनी बोलावं. कुणी म्हणेल उन्हात ठेवला म्हणून. मग एक सावलीत वाळवून बघावा. कुणी म्हणेल माती घट्ट नव्हती. कुणाची आजी सांगेल की भिंतीच्या गिलाव्यात भुसा घालतात, घालून बघा. कुंभार मातीत राख आणि लीद का मिसळतो, हे विचारायला वर्ग उठून त्याच्या आव्यापर्यंत जाईल. ओढ्याकाठचा गाळ, पांढरी माती, मुरमाड माती आणि काळी माती, चारही वेगवेगळ्या वळून, वाळवून, भेगा मोजून बघता येतील. पाय धडाला जोडताना दोन्ही बाजू काडीनं खरवडून मधे ओला गाळ लावला तर सांधा धरतो, हे एकदा हाताला कळलं की विसरत नाही. आठवडाभरात ओळीनं बैल उभे राहतील आणि त्यांतले दोन एकसारखे नसतील.

इथं शिक्षकाचं काम नेमकं काय, यावर माझं मत ठाम आहे. सांधा कसा जोडायचा, कुंचला कसा धुवायचा, रंगात डिंक किती घालायचा, हे त्यानं दाखवावं, पुन्हा पुन्हा दाखवावं. बैल कसा दिसावा, हे मात्र दाखवू नये. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेकनं १८९७ साली मुलांचा कलावर्ग सुरू केला आणि मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करायला लावायचं नाही असा आग्रह धरला. तो धडा जगभरच्या कलाशिक्षणानं घेतला. पण त्याचा एक सोपा आणि चुकीचा अर्थ आपल्याकडं रुजला: मुलांना कागद द्या आणि मोकळं सोडा. मोकळं सोडलेलं मूल दोन डोंगरांकडंच जातं, कारण तेवढंच त्याच्याकडं साठलेलं असतं. त्याला बघायला न्यावं लागतं, साधन हातात द्यावं लागतं, अडचण समोर ठेवावी लागते. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत देवीप्रसादांनी १९४४ पासून कितीतरी वर्षं हे केलं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस खेड्यातल्या मुलांना चित्रकला शिकवायला आला, आणि कला हाच शिक्षणाचा पाया का, यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. नई तालीमच्या ज्या बाजूबद्दल लोकांना शंका होती, तिचं उत्तर मला सेवाग्रामच्या टकळीपेक्षा सेवाग्रामच्या चित्रवर्गात अधिक सापडतं.

रंगांचं पाहा. कोळसा, गेरू, चुना, नीळ, हळद एवढं कुठल्याही गावातल्या किराणा दुकानात किंवा घरात मिळतं. हळदीत चुन्याची निवळी घातली की पिवळं लालभडक होतं. कुंकू असंच व्हायचं. हे वर्गात घडतं तेव्हा मुलं ओरडतात, आणि का झालं असं विचारतात. मग त्याच हळदीच्या कागदावर लिंबू पिळून बघायचं, राखेचं पाणी टाकून बघायचं. फाल्गुनात पळस फुलला की त्याच्या फुलांचं पाणी, पावसाळ्यानंतर झेंडू. रंग कागदाला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक, आणि बाभळीला या जिल्ह्यात कोण विचारतो इतकी ती आहे.

मात्र इथं एक सावधगिरी. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली गरीब शाळांना कचऱ्यावर भागवायला सांगायचं आणि शहरातल्या शाळांनी रंगपेट्या घ्यायच्या, हे मला मान्य नाही. माती आणि गेरू मी स्वस्त आहेत म्हणून सुचवत नाही. ते उत्तम साहित्य आहे म्हणून सुचवतो. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं तेव्हा गांधीजींनी सजावटीसाठी नंदलाल बोस यांना बोलावलं, आणि त्यांनी आसपास मिळणारा बांबू, गवत असं साहित्य घेऊन ते नगर उभं केलं. त्यामुळं काम हलकं झालं नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी वाड्यांतल्या बालवाड्यांत दगड, शिंपले, बिया, पानं हेच शिक्षणसाहित्य केलं, तेही विचारपूर्वक. पण बीडच्या मुलाला जाड पांढरा कागदही मिळाला पाहिजे, चांगला कुंचला मिळाला पाहिजे, आणि लाल रंग संपला म्हणून थांबावं लागू नये. शाळेला पटसंख्येवर ठरणारं संयुक्त अनुदान मिळतं. त्यातला ठरावीक वाटा दरवर्षी कागद-रंगांवर जावा, हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घेण्याजोगा निर्णय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्य मागं टाकून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आपल्या मुलांसाठी बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्झी हा तरुण शिक्षक ते ऐकून बघायला गेला आणि तिथलाच झाला. पुढं त्या परिसरातल्या बालशाळांत हातानं घडवण्यासाठी वेगळी खोली आणि कलेचा वेगळा मार्गदर्शक असायचाच, असा शिरस्ता पडला. ती माणसं श्रीमंत नव्हती. युद्धानं धुऊन नेलेली शेतकरी-कामकरी माणसं होती.

बीडला स्थलांतराचं वेळापत्रक आहे, आणि कलेचे प्रकल्प त्याच्याशी जुळवून आखले नाहीत तर ज्यांना त्यांची सर्वात जास्त गरज त्यांच्याच हातून ते निसटतील. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत वर्ग बहुधा पुरा असतो. तेव्हा पाऊस असतो, माती ओली असते, नागपंचमी, पोळा, गणपती येतात. मातीची सगळी कामं तेव्हाच करावीत. दिवाळीत मराठवाड्यातल्या अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. ताक घुसळणारी, दळणारी, पाणी नेणारी, सोबत पेंद्या. बहुधा मुलीच त्या घडवतात, जसे बैल बहुधा मुलगेच घडवतात. शाळेनं ही वाटणी मोडावी. मुलीनं बैलाच्या शिंगांचा विचार करावा आणि मुलानं घुसळणारीच्या कमरेच्या वळणाचा. गवळणी झाल्या की पाठोपाठ टोळ्या निघतात. वर्ग रिकामा होतो. ज्वारीचे धांडे, ज्यांची गाडी, बैल, चष्मा पोरं करायची, ते हाती येतात माघ-फाल्गुनात, आणि तेव्हा निम्मी मुलं फडावर असतात. मागं राहिलेल्यांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं. मुलं आजी-आजोबांजवळ राहतात आणि जेवणाची सोय वसतिगृहात होते. तिथल्या संध्याकाळी लांब असतात. धांड्याच्या गाडीचं काम तिथं न्यावं. नुसता स्वाध्याय करून घेण्यापेक्षा ते किती बरं.

आणि त्या आजीलाही शाळेत आणावं. गोधडी शिवणारी बाई भूमिती जाणते; जुन्या लुगड्यांचे तुकडे चौकोनाला चौकोन जुळवत, टाका सरळ ठेवत, कोपरे न सुरकुतवता मधल्या चौकटीपर्यंत ती जाते. तिला कुणी शिक्षक म्हटलेलं नसतं. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. दासोपंत (१५५१–१६१५) रोज एका ढब्बू पैशाची शाई संपवत अशी आख्यायिका सांगतात. त्यांनी वेदान्तातला पंचीकरणाचा अवघड विषय पासोडीच्या सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर उतरवला, ओव्या आणि आकृत्या एकत्र मांडून. चारशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात एका माणसाला समजलं होतं की काही गोष्टी नुसत्या ओळींत मावत नाहीत, त्यांना जागा, रेषा आणि पसरट कापड लागतं. चौथीच्या वर्गानं आपली पासोडी का करू नये? जुन्या धोतराची एक लांब पट्टी, तिच्यावर आपल्या गावापासून फडापर्यंतचा रस्ता. ज्यानं कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस पाहिला आहे त्याच्याकडं काढण्याजोगं सर्वात जास्त असेल: राहायच्या कोप्यांची रांग, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, कारखान्याची चिमणी, वाटेतला घाट. जे गावीच राहिले त्यांच्याकडं रिकामी गल्ली आणि आजीचं घर. आजी कड शिवेल, टाका दाखवेल. जो मुलगा वाचनात मागं आहे म्हणून वर्गात गप्प असतो, तो त्या दिवशी इतरांना सांगतो की पूल इकडं नाही, तिकडं होता. सहा महिने बुडाल्याचं ओझं ज्याच्या पाठीवर, त्याला शाळेत कुठंतरी आपल्याकडं जास्त आहे असं वाटलं पाहिजे.

प्रकल्पाला विषय जिल्ह्यातच सापडतात. बीड शहराजवळची खजाना बावडी १५८२ सालची, आणि तिचं पाणी भुयारी नळांतून कसं चालतं हे मातीत उकरून, पपईच्या देठांचे नळ बसवून करून बघता येतं. पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर तासभर समोर बसून काढता येतं. जिल्ह्यात बघण्याजोगं पुष्कळ आहे, त्याची यादी इथं नको.

‘वेळ कुठं आहे?’ ही हरकत आता जास्त ऐकू येते. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचता आणि हिशेब करता यावा, असं त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्ट अगदी बरोबर आहे, मूल वाचायला शिकलंच पाहिजे. त्याच्या नादात कलेचा तास गिळला जातो तेव्हा कलेची माणसं घाईनं सांगू लागतात की मातीकामानं बोटांचे स्नायू तयार होतात, अक्षर वळतं, मोजमाप येतं, भाषा वाढते. यातलं बरंचसं खरं आहे. बैलाची मान सुटली तेव्हा मुलं ‘कारण’ आणि ‘म्हणून’ वापरून किती वाक्यं बोलली असतील! तरी मला या युक्तिवादावर कलेची बाजू टांगून ठेवायची नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की अक्षर वळण्यासाठी मातीची गरज नाही, तर माती फेकायची का? कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं तेव्हा निर्मिती आणि आनंद हे शब्द शाळेच्या नावातच घातले. शिकणं आणि घडवणं तिथं वेगळं मानलं गेलं नाही.

‘शिक्षक कुठं आहे?’ ही हरकत मात्र खरी, आणि ती कायद्यापर्यंत पोचते. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही शाळेत शंभराहून अधिक मुलं असतील तरच. पहिली ते पाचवीसाठी काही नाही. वाडी-वस्ती-तांड्यावरच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. भाषा, गणित, परिसर अभ्यास, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, सगळं त्यांच्यावर. ‘खेळू, करू, शिकू’ हे कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचं बालभारतीचं पुस्तक आहे. ते उघडायला सवड हवी. केंद्रातल्या दहा-बारा शाळांना मिळून एक फिरता कलाशिक्षक दिला, पंधरवड्याला प्रत्येक शाळेत एक पूर्ण दिवस, तर चित्र बदलेल. कला शिक्षक पदविका घेतलेली तरुण मुलं-मुली या जिल्ह्यात काम शोधत आहेत. ही मागणी पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत रेटली पाहिजे. तोवर वर्गशिक्षकानंच हात घालावा. त्याला चित्र चांगलं काढता आलं नाही तरी चालेल. माती का फुटली या प्रश्नात त्याला मुलांइतकाच रस वाटला, की काम होतं.

शेवटी नोंदीचं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि कलेला श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदही आली. विचार चांगला होता. पुढं नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, आणि ‘चित्रकलेत रस घेतो’, ‘रंगसंगती आकर्षक करतो’ ही वाक्यं एका वर्गातल्या वीस मुलांपुढं उतरू लागली. मुलांना नमुना उतरवायला लावू नका म्हणताना शिक्षकावरही तीच वेळ आली आहे, हे दिसतं. मुलानं काय ठरवलं, हे एका ओळीत लिहावं: शेपटी लोंबती ठेवली तर तुटत होती, म्हणून पाठीला चिकटवली. काळ्या मातीत भुसा मिसळायचं तिनं सुचवलं. एका प्रकल्पात एका मुलाविषयी अशी एक ओळ पुरे. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, म्हणजे फडाजवळच्या शाळेतल्या गुरुजींना त्याची भाषा आणि गणितातली पातळी कळावी. त्या कार्डावर ही ओळही जावी. दिवाळीनंतर सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत हे मूल पहिल्या दिवशी दाराशी उभं राहील तेव्हा त्याला काय येत नाही हे तिथं लगेच दिसेलच. त्याच्या हातात आधी काय द्यायचं, ते तिथल्या बाईंना कार्डावरून कळेल.